नवा लॅपटॉप आणि एक शब्दयोगी अव्यय

तीन मिनिटं बोलायला मला एकोणीस दिवस लागले. त्यातले बारा दिवस लॅपटॉप निवडण्यात गेले, सहा दिवस त्याची सेटिंग्ज लावण्यात गेले आणि उरलेल्या एका दिवसात जे व्हायचं ते झालं. मी केंद्र सरकारच्या एका खात्यात चौतीस वर्षं काढलेला माणूस आहे. कामाला किती वेळ लागला याबद्दल माझी कधी तक्रार नसते. काम रीतसर झालं की नाही एवढंच मी बघतो. हे काम रीतसर झालं नाही, म्हणून हा खुलासा.

काम असं होतं. आमची मुलगी नूपुर नेदरलँड्समध्ये असते आणि तिचं तिथे नोंदणी पद्धतीनं लग्न ठरलं होतं. मुलगा चिन्मय, बंगाली, इथलाच, आमच्या कोलकात्याला लागून असलेल्या हावड्याचा, तिच्याच संस्थेत संशोधन करणारा. आम्ही जाणार होतोच. पण पासपोर्टवर मी ‘उदय’ आहे आणि पेन्शनच्या कागदांवर ‘उदया’, आणि या दोघांपैकी प्रवास नेमका कोण करणार याचा निकाल लागेपर्यंत व्हिसाची तारीख लग्नाच्या पलीकडे गेली. मग नूपुरचा निरोप आला की दोन्हीकडच्या आईबाबांनी तीन-तीन मिनिटांचा व्हिडिओ पाठवा, लग्नाच्या हॉलमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवू. आडवा हवा, स्थिर हवा आणि लग्नाच्या आधीच्या रविवारपर्यंत पोचायला हवा.

हावड्याच्या व्याह्यांनी दुसऱ्याच दिवशी मोबाइलवर करून पाठवला. आम्हालाही दाखवला. व्याही खुर्चीत बसलेत, विहीणबाई मागे उभ्या आहेत, मध्येच कुकरची शिट्टी होते आणि दोघं हसतात. सुनंदा, म्हणजे माझी बायको, म्हणाली, किती छान झालाय, आपणही असाच करून टाकू. ‘करून टाकू’ या शब्दांनाच माझी हरकत होती. परक्या देशात, मोठ्या पडद्यावर मुलीचा बाप दिसणार आणि तो कुकरच्या शिट्टीसकट, हे मला मान्य नव्हतं. शिवाय मला लिहून काढलेलं बोलायचं होतं. लिहिलेलं डोळ्यांसमोर दिसावं आणि तरी आपण कॅमेऱ्याकडे बघतोय असं वाटावं, ही सोय लॅपटॉपवरच होते.

काय बोलायचं हे तर दोन वर्षांपासून तयार होतं. नूपुर निघाली त्या दिवशीची गोष्ट. परीक्षा देऊन मिळवलेली बँकेतली अधिकाऱ्याची नोकरी सोडून ती नद्यांच्या गाळावर संशोधन करायला चालली होती. गाळ आपल्या हुगळीत हवा तेवढा आहे, त्यासाठी नेदरलँड्स कशाला, असं मी एकदा म्हणालो आणि नंतर महिनाभर काही बोललो नाही. बापानं अशा वेळी मौन पाळावं, त्या मौनाला वजन असतं, अशी माझी समजूत. बोललो ते फक्त बॅगांच्या वजनाबद्दल. विमानतळावर आत जाण्याआधी ती थांबली आणि माझ्याकडे बघून म्हणाली, “बाबा, मला तुमच्यावर खूप अभिमान झालाय.”

आम्ही कोलकात्याला आलो तेव्हा नूपुर पाच वर्षांची होती. तिचं मराठी घरापुरतं आहे आणि प्रत्ययांच्या बाबतीत ती पहिल्यापासून ढिली. मी तिला तिथल्या तिथे सांगितलं, “तुमच्यावर नाही गं, तुमचा. आणि झालाय नाही, वाटतो. मला तुमचा अभिमान वाटतो.” तिनं एकदा सुनंदाकडे बघितलं, मान हलवली आणि ट्रॉली ढकलत आत गेली. तिचे डोळे भरले होते. माझेही भरले. महिनाभराच्या माझ्या मौनाचा मुलीनं असा अर्थ लावावा, याहून बापाला काय हवं असतं? पुढे दोन वर्षं मी हा प्रसंग महाराष्ट्र मंडळात, दवाखान्यात, बँकेत पासबुक भरून घेण्याच्या रांगेत, जमेल तिथे सांगितला. फोन ती आईलाच करायची, माझ्याशी तब्येतीपुरतं बोलायची. ज्याचा अभिमान वाटतो त्याच्याशी मोकळं बोलायला माणूस बिचकतो, हे मी समजून घेतलं होतं.

आता लॅपटॉप. घरातला जुना लॅपटॉप उघडून पाहिला तर त्याच्या कॅमेऱ्यात मी दोन दिवस पाण्यात राहिल्यासारखा दिसत होतो. नवा घ्यायला हवा हे त्या क्षणी ठरलं आणि सॉल्ट लेकमधल्या आमच्या अख्ख्या सोसायटीला ते संध्याकाळपर्यंत कळलं. पहिल्या मजल्यावरून सल्ला आला की प्रोसेसर बघा, बाकी सगळं गौण. दुसऱ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी प्रोसेसर हे नाव काढू नका, रॅम बघा, असं जिन्यात अडवून सांगितलं. तिसऱ्या मजल्यावरची विनीता सेक्टर फाइव्हला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ती आली, जुन्या लॅपटॉपवर माझं चित्र मिनिटभर पाहिलं आणि म्हणाली, काका, कॅमेऱ्याचं जाऊ द्या, खिडकीकडे तोंड करून बसा. इतक्या साध्या सल्ल्यावर माझा विश्वास बसला नाही. मुलगी अजून लहान आहे, असं मी सुनंदाला म्हणालो.

मी अकरा मॉडेलांचा तक्ता केला आणि तो घेऊन चांदनी बाजारातल्या दुकानात गेलो. दुकानदार माझ्याच वयाचा होता. त्यानं गेमिंग करायचंय का, एडिटिंग करायचंय का, असं विचारलं. मी म्हटलं, मला बोलायचंय. कोणाशी? मुलीशी. मग कुठलाही चालेल, असं म्हणून तो दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी तक्ता पुढे करून त्याला परत बोलावलं. तेव्हा समजलं की बहुतेक लॅपटॉपांचे कॅमेरे हे आपल्या खिशातल्या मोबाइलपेक्षा गरीब असतात, कारण झाकण पातळ असतं आणि त्यात भारी कॅमेरा मावत नाही. मग त्यातल्या त्यात बरा कॅमेरा असलेला एक त्यानं काढला. यात चेहऱ्याचा रंग नैसर्गिक येईल ना, असं मी विचारलं तर तो म्हणाला, “चेष्टा कोरबे.”

नवखा मराठी माणूस इथे भडकला असता. मी स्वतः बावीस वर्षांपूर्वी भडकलो होतो. गॅसच्या कचेरीतला कारकून तिसऱ्या खेपेलाही ‘चेष्टा कोरछि’ म्हणाला तेव्हा मी थेट त्याच्या साहेबाकडे गेलो आणि तुमचा माणूस माझी चेष्टा करतो आणि वर तसं तोंडावर सांगतो, अशी लेखी तक्रार दिली. बंगालीत चेष्टा म्हणजे प्रयत्न, हे मला त्या साहेबानं चहा पाजून सांगितलं. तसंच ‘शिक्षा’. बंगालीत शिक्षा म्हणजे शिक्षण. शाळेत मुलांना उत्तम शिक्षा देतात हे ऐकून सुनंदा नूपुरला पहिल्या दिवशी शाळेत सोडायलाच तयार नव्हती. पुढे मी अशा फसव्या शब्दांची यादी केली, चौतीस शब्द भरले, आणि त्यावर मंडळात निबंध वाचला. या विषयातला कोलकात्यातला एकमेव जाणकार, असा अध्यक्षांनी माझा उल्लेख केला होता. मी तो खोडून काढला नाही.

लॅपटॉप घरी आला आणि सेटिंग्ज सुरू झाली. पहिल्या दिवशी चेहऱ्यावरून काळे पट्टे खालून वर सरकायला लागले. दुकानात फोन केला तर कळलं की ट्यूबलाइटची वीज आपल्याकडे पन्नास हर्ट्झची असते आणि कॅमेरा साठवर लावलाय. तो पन्नासवर आणला. पट्टे गेले, तर चेहरा दर दोन सेकंदांनी धूसर होऊन परत स्पष्ट व्हायला लागला, कारण कॅमेऱ्याला मी आणि मागचं कपाट यात महत्त्वाचं कोण हे ठरवता येत नव्हतं. म्हणून पार्श्वभूमी पुसट करण्याचं सेटिंग लावलं. त्यासरशी कपाट गेलं आणि मागे उभी असलेली सुनंदाही गेली. तिचं फक्त एक कोपर राहिलं. ती म्हणाली, “लॅपटॉपला बरोबर समजलंय.” त्यानंतर ती दोन दिवस त्या खोलीत आली नाही.

मागे ‘शुभाशीर्वाद’ असा एक पुठ्ठा लावायचं माझ्या मनात होतं. लावला, तर पडद्यावर अक्षरं उलटी. मी एक अख्खी दुपार बसून अक्षरं आरशातल्यासारखी उलटी रंगवली. आता पडद्यावर ती सुलटी दिसायला लागली आणि मला धन्य वाटलं. मग रेकॉर्ड केलेलं चालवून पाहिलं तर त्यात ती उलटी. विनीतानं येऊन सांगितलं की आपल्याला समोर दिसतं ते आरशासारखं दिसतं, रेकॉर्ड होतं ते जगाला दिसतं तसं होतं. म्हणजे पहिलाच पुठ्ठा बरोबर होता. तो तोवर सुनंदानं भांड्यांच्या फळीवर अंथरला होता.

पुठ्ठ्याशिवाय भागलं असतं, पण पंप राहिला होता. सोसायटीचा पाण्याचा पंप आमच्या खोलीच्या बरोबर खाली आहे आणि तो चालू असला की माझ्या आवाजाला एक घरघर येते. आवाज गाळण्याचं सेटिंग लावलं तर पंपाबरोबर माझ्या वाक्यांची टोकंही गाळली गेली. तेव्हा रविवारी सकाळी अकरा ते साडेअकरा पंप बंद ठेवावा, असा अर्ज मी सोसायटीचे सचिव दिलीपबाबू यांच्याकडे दिला.

दिलीपबाबू तळमजल्यावर राहतात. बागबाजारच्या एका शाळेत त्यांनी चाळीस वर्षं बंगाली शिकवलं आणि मराठ्यांना अडवायला त्यांच्या पूर्वजांनी बागबाजारापासून खंदक खणला होता, हे ते मला बावीस वर्षं न चुकता ऐकवतात. अर्ज वाचून ते म्हणाले की पूर्वी तुमचे लोक आले तेव्हा धान्य नेलं, आता पाणी बंद करायला निघालात. पण अर्ज कमिटीपुढे गेला. व्हिडिओ खाजगी आहे की व्यापारी, अशी एकानं शंका काढली. एकीनं रविवारी अकरा वाजता आपलं मासे धुणं असतं असं निदर्शनास आणलं. अखेर अकरा ते अकरा वीस पंप बंद राहील, मात्र सवलतीचा गैरवापर होऊ नये म्हणून सचिव जातीनं हजर राहतील, असा ठराव झाला. वीस मिनिटं पुरेशी होती. मी भाषण आरशापुढे सतरा वेळा म्हणून पाहिलं होतं.

रविवारी अकराला पाच मिनिटं असताना दिलीपबाबू धुतलेला पंजाबी, म्हणजे आपला झब्बा, घालून आले आणि मनगटावरचं घड्याळ सोडून हातात धरून खुर्चीवर बसले. सुनंदाही आली. पंप थांबला. इतकी शांतता त्या खोलीत मी पहिल्यांदाच ऐकली. मी सुरू केलं. दोन वाक्यं स्वागताची झाली आणि मी माझ्या मुख्य वाक्यावर आलो. ते मी नूपुरच्या शब्दांत, तिच्या चुकांसकट ठेवलं होतं. ऐकणाऱ्यांना जरा गंमत वाटावी म्हणून. म्हटलं, विमानतळावर माझी लेक मला म्हणाली, बाबा, मला तुमच्यावर खूप अभिमान झालाय.

दिलीपबाबूंनी हात वर केला. मला वाटलं वेळ संपली. मी रेकॉर्डिंग थांबवलं.

“ओभिमान?” ते म्हणाले. “केनो? आपनि की कोरेछिलेन?”

म्हणजे, का? तुम्ही काय केलं होतंत? मी विनयानं सांगितलं की विशेष काही नाही, कुठलाही बाप करतो तेच. ते आणखीच गंभीर झाले. मुलगी परदेशी निघाली असताना ओभिमान करून गेली, दोन वर्षं झाली, आणि तुम्ही ते सगळ्यांना हसत सांगता? मग मी म्हटलं, अहो, अभिमान, गर्व, चांगल्या अर्थानं. त्यांनी मान हलवली. घड्याळ मांडीवर ठेवलं आणि मला हिंदी-बंगालीत समजावून सांगितलं, बहुधा शाळेत मुलांना सांगायचे तसं. राग कोणावरही होतो, भाजीवाल्यावरसुद्धा. ओभिमान होतो तो फक्त आपल्या माणसावर. आपल्याला दुखावलंय आणि त्याला ते कळतही नाही, म्हणून होतो. रागावलेलं माणूस भांडतं. ओभिमान झालेलं माणूस गप्प होतं आणि वाट बघतं, समोरच्यानं येऊन विचारावं याची.

माझ्या यादीत चौतीस शब्द होते. हा नव्हता. कचेरीत हा शब्द कोणी वापरत नाही, बाजारात नाही, गॅसच्या कार्यालयात तर नाहीच. हा घरातला शब्द आहे आणि माझ्या घरात तो एकदाच बोलला गेला होता.

मी सुनंदाकडे बघितलं. तिच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

“तुला माहीत होतं?”

“तिथेच कळलं होतं,” ती म्हणाली. “शेजारणींत बसून बावीस वर्षं ऐकतेय.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तेव्हा तुम्ही तिला व्याकरण शिकवत होतात. आणि नंतर इतके खूश होतात की माझी जीभच रेटेना.”

लॅपटॉपवर माझाच चेहरा दिसत होता, पट्ट्यांशिवाय, नैसर्गिक रंगात, आणि मला तो बघवत नव्हता. महिनाभर मी बोललो नव्हतो आणि महिनाभर ती वाट बघत होती. शेवटी आत जायच्या आधी, रांगेतला मागचा माणूस ट्रॉली टेकवत असताना, तिनं ते बोलून दाखवलं होतं. तिला येत होतं त्या भाषेत, दोन्ही भाषा गोळा करून. आणि मी तिचं वाक्य दुरुस्त करून, अर्थ बरोबर उलटा करून, तिच्या हातात परत दिलं होतं. तिनं ते मुकाट्यानं घेतलं होतं. मला लाज वाटली. इतकी, की दिलीपबाबू समोर आहेत याचंही भान राहिलं नाही.

तेवढ्यात अकरा वीस झाले आणि खाली पंप सुरू झाला. दिलीपबाबू उठले, म्हणाले की सचिवाच्या अधिकारात आणखी दहा मिनिटं देता येतील. सोसायटीच्या इतिहासात असं कधी झालेलं नाही. मी म्हटलं, नको, लोकांचे मासे धुवायचे राहिलेत. ते माझ्या खांद्यावर हात ठेवून खाली गेले.

मी खुर्ची उचलून खिडकीकडे तोंड करून ठेवली. शेजारी दुसरी खुर्ची ठेवून सुनंदाला बसवलं. पुसट करण्याचं सेटिंग काढलं, आवाज गाळण्याचंही काढलं, आणि पडद्यावरचं भाषण बंद केलं. मग बटण दाबलं.

“नूपुर,” मी म्हणालो, “त्या दिवशी विमानतळावर तुझं ‘वर’ बरोबर होतं. मला ते आज कळलं. चूक माझी होती. तेव्हा महिनाभर मी बोललो नाही, कारण तू गेलीस की परत येणार नाहीस अशी मला भीती वाटत होती. गाळाबद्दल माझं काही म्हणणं नव्हतं. ते तेव्हाच विचारायला हवं होतं, ते आता विचारतो. फार लागलं का गं तुला?”

यापुढे मला बोलता आलं नाही. खाली पंप घरघरत होता. उरलेली दोन मिनिटं सुनंदा बोलली, चिन्मयशीही बोलली, त्याच्या भाषेत बोलली, आणि मी शेजारी बसून नाक पुसत होतो हेही त्यात आलंय. दुसऱ्यांदा करू या का, असं तिनं विचारलं. मी तसाच पाठवून दिला. नूपुरचं त्यावर काही उत्तर आलं नाही. सोमवारी नाही, मंगळवारी नाही. मी लॅपटॉप दर तासाला उघडून बघत होतो आणि वाट बघणं म्हणजे काय ते मला पाच दिवस नीट कळलं.

शुक्रवारी दुपारी लग्न झालं. पुण्याहून सुनंदाची बहीण शकुन ऑनलाइन हजर होती. संपल्या संपल्या तिचा फोन आला. म्हणाली, भाऊजी, बरं झालं सगळ्यांसमोर बोललात. तुम्हाला जावई पसंत नाही अशी इकडे कुजबुज होती. तुम्ही स्वच्छ सांगितलंत, वर बरोबर आहे म्हणून. मी तिला सांगणार होतो की तो ‘वर’ म्हणजे नवरामुलगा नव्हे, शब्दयोगी अव्यय आहे. पण मुलगाही चांगलाच आहे, तेव्हा म्हटलं राहू दे.

फोन ठेवला तर लॅपटॉपवर नूपुरचा निरोप येऊन पडला होता. एकच ओळ. सुनंदानं चष्मा शोधत विचारलं, काय लिहिलंय? मी वाचून दाखवलं, जसंच्या तसं.

“बाबा, आज मला तुमचा खूप अभिमान झालाय.”

सुनंदा माझ्याकडे बघत राहिली. हसू दाबत म्हणाली, “‘झालाय’ नाही ना? ‘वाटतो’ हवं.”

“असू दे,” मी म्हणालो. “आपल्या घरात असंच म्हणतात.”